गालिच्याच्या मधोमध

दुकानाला, दवाखान्याला, ऑफिसला गालिचा कशाचा घ्यावा, असं मला अजूनही कोणी ना कोणी विचारतं. इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टरच्या गालिच्याच्या गिरणीत, प्रयोगशाळेत बावीस वर्षं काढली म्हणजे माझ्याजवळ एका ओळीचं उत्तर तयार असणार, असा लोकांचा समज. तसं उत्तर नसतं. मी उलट विचारते, तिथे माणसं चालतात कशी? समोरचा वैतागतो. त्याला लोकर की नायलॉन एवढंच हवं असतं. पण हा प्रश्न मी शोधलेला नाही. तो एनिड टॉलीचा आहे आणि त्यापायी तिची नोकरी गेली होती. तेव्हा आधी तिचं ऐका, गालिच्याचं मग बघू.

एनिड वरच्या मजल्यावर रफूवाल्या बायकांत होती. मागावरून उतरलेला गालिचा वर यायचा, मोठ्या खिडक्यांखालच्या तिरक्या टेबलांवर पसरला जायचा, आणि अकरा जणी त्याच्यावर वाकून चुकलेले टाके शोधायच्या. मागाचा एखादा धागा तुटला की तेवढ्या जागी लव उगवत नाही, टक्कल पडतं. तिथे वाकड्या सुईनं एकेक झुपका भरायचा, कात्रीनं सपाट करायचा, तळव्यानं चोळायचा. इतकं की ज्यानं तो विणला त्यालाही जागा सापडू नये. सगळं मनासारखं झालं की गालिच्याच्या पाठीला, काठाशी, प्रत्येक बाई आपल्या रंगाचा एक दोरा ओवायची. ग्लेनिसचा पिवळा, एनिडचा गर्द हिरवा. दोरा नसलेलं भेंडोळं गोदामाबाहेर पडत नसे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिलेल्या गोष्टी आमच्याकडे रोज मोडल्या जात. ही कधी मोडली नाही.

मी नवीन होते तेव्हा, एकोणसत्तर साली, नमुना घ्यायला वर गेले आणि जमिनीवर पसरलेल्या एका गालिच्यावरून सरळ चालत पलीकडे निघाले. मागून आवाज आला, "ए बाई, तुमच्या घरी अंथरुणावरून चालतात का?"

मी वळले. डोक्याला रुमाल, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, बुटकी आणि रुंद. आवाज मागांच्या खडखडाटावर चढवायची सवय असलेला.

"चालतात," मी म्हटलं. "पण चपला काढून."

"मग काढ."

मी बूट काढून हातात घेतले. ती माझ्या मोज्यांकडे बघत राहिली, आणि म्हणाली, "बरं. आता काठानं जा." मी गेले. आमची मैत्री तिथून सुरू झाली. बाकी सगळे मला सिंडी म्हणत. एनिडनं पहिल्या आठवड्यात मला 'सिंधू' तीनदा म्हणायला लावलं आणि चौथ्यांदा स्वतः बरोबर म्हटलं.

ती पंधराव्या वर्षी गिरणीत आली होती. आई तिथेच होती, आजी तिथेच. एनिडला धागा ओळखायला माझ्यासारखा सूक्ष्मदर्शक लागत नसे. एक तंतू काढायचा, काडीनं पेटवायचा, नाकाशी धरायचा. केस जळल्याचा वास आला आणि ज्योत आपोआप विझली, तर लोकर. वितळून गोळी झाली, तर नायलॉन. मेणबत्तीसारखा वास आला आणि थेंब गळाला, तर ती तोंड वाकडं करून म्हणायची, "बादली."

बादली म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. नाव लांबलचक आहे, वस्तू साधी. दोरखंड आणि खुर्च्या ज्या प्लास्टिकच्या होतात तेच. त्याचा धागा काढून गालिचे करायला लागले होते. आमची गिरणी विणायची ते ऐंशी-वीस: ऐंशी भाग लोकर, वीस भाग नायलॉन. नुसती लोकर हजारो पायांखाली झडते, नुसतं नायलॉन कोरडं आणि चरचरीत लागतं. दोन्ही मिळून हॉटेलात, नाचघरात, सिनेमागृहात वीस-वीस वर्षं टिकतात. महाग पडतं, हे खरं.

ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात मुख्य कार्यालयातून रॉजर फेनविक विक्री सांभाळायला आले. चांगला सूट, स्वच्छ नखं, गिरणीत वाढलेला माणूस नव्हे. ते वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांना घाई होती. लेन कॉटरिल नावाच्या गृहस्थांची तीन बिंगोगृहं, म्हणजे हाउजीसारख्या आकड्यांच्या खेळाची सभागृहं होती, डडलीला, स्टूरब्रिजला आणि वूस्टरला. तिन्हीकडचे गालिचे एकदम बदलायचे होते. इतकं मोठं गिऱ्हाईक आम्हाला दोन वर्षांत मिळालं नव्हतं. फेनविकांचं म्हणणं असं, की बादलीचा गालिचा बाहेरून तयार आणावा, आपल्या नावाचा कागद लावून विकावा. निम्म्यात काम. तो तिकडच्या यंत्रावर होतो, त्याला मागही नको आणि रफूही नको.

"पण टिकेल का?" असं गिरणीच्या मालकांनी विचारलं. म्हणून चाचणी ठरली. आणि चाचणी माझ्याकडे आली.

आमच्याकडची चाचणी म्हणजे कँटीनचा बोळ. नमुन्याची पट्टी तिथे अंथरायची आणि सहाशे माणसांना तिच्यावरून जेवायला जाऊ द्यायचं. दाराच्या चौकटीत विजेचा डोळा होता, तो माणसं मोजायचा. मी बोळाच्या मध्यभागी दोन पट्ट्या लावल्या, एकीला लागून पुढे दुसरी. पहिली ऐंशी-वीस, दुसरी बादली. पट्टी नेहमीच्या रुंदीची, सत्तावीस इंच. बोळ पाच फुटांचा. तीन महिन्यांनी यंत्राचा आकडा एक लाख चाळीस हजारांवर गेला. मी पट्ट्या तपासल्या. दोन्ही जशा अंथरल्या तशा. मी अहवाल लिहिला: झिजेत फरक आढळला नाही. खाली सही, सिंधू साठे.

त्या सहीची लाज मला आजही वाटते. पण तेव्हा मला आकडा दिसत होता, पट्टी दिसत होती, आणखी काय बघायचं?

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी फेनविक वरच्या मजल्यावर आले. मला बरोबर घेतलं होतं, फाईल धरायला. बायकांनी सुया खाली ठेवल्या.

"मला तुमच्यापासून काही लपवायचं नाही," ते म्हणाले. "मिस्टर कॉटरिल चार आठवड्यांनी येतायत. त्यांनी नवा गालिचा घेतला, आणि ते घेतील, तर आपलं पुढचं बहुतेक काम त्याच मालाचं होईल. तसं झालं तर इस्टरनंतर हा विभाग चालवण्यात अर्थ नाही."

ग्लेनिसनं कात्री उचलली आणि पुन्हा ठेवली.

"साहेब," एनिड म्हणाली, "ती बादली ऐंशी-वीसच्या बरोबरीची आहे, असं कोण म्हणालं?"

"प्रयोगशाळा."

अकरा जणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी फाईल छातीशी धरली.

"ही?" एनिड म्हणाली. "ही म्हणाली?" आणि मग मला, अगदी शांतपणे, "चल खाली."

"मिसेस टॉली, कामाची वेळ आहे," फेनविक म्हणाले.

"इस्टरपर्यंतच आहे ना? मग मला घाई आहे."

ती माझं मनगट धरून जिना उतरली. बोळात गुडघे टेकून बसली, चष्मा लावला नाही, डोळे मिटले आणि तळवा पट्टीवरून फिरवायला लागली. लवेच्या दिशेनं, मग उलट. ऐंशी-वीसवरून बादलीवर, परत मागे.

"हिच्यावरून कोणी चाललेलंच नाही," ती म्हणाली.

"एक लाख चाळीस हजार," मी म्हटलं.

"असतील. इथून नाही गेले. थांब." तिनं हात मध्यावर आणला. "एक माणूस गेलंय. लहान पाऊल. उजव्या पायावर भार जास्त." तिनं डोळे उघडून माझ्या बुटांकडे पाहिलं. "तू."

तेवढ्यात चहाची घंटा झाली. एनिडनं मला कोपऱ्यात ओढलं. "नुसती बघ."

माणसं आली. मागवाले, रंगखात्यातले, गोदामातले, हसत, ढकलत, खिशातून सिगरेट काढत. आणि त्या पट्टीपाशी येताच गर्दी दुभंगली. निम्मे डाव्या भिंतीला, निम्मे उजव्या. कोणी खाली बघितलं नाही, बोलणं थांबवलं नाही. दोन रांगा भिंतीला खांदे घासत गेल्या, आणि मधला गालिचा तसाच. एक जाडा फोरमन भिंतीवरच्या नळ्याला कोपर आपटून गेला, पण मधे पाय पडू दिला नाही.

या गावातल्या प्रत्येक घरात पोरांना बोलता यायच्या आधी एक गोष्ट शिकवली जायची: नव्या गालिच्यावर पाय ठेवायचा नाही, काठानं जायचं. आई विणते, बाप विणतो, आजी टाके भरते. तो तुडवायचा नसतो. पाहुण्यांच्या खोलीत तर लोक भिंतीला चिकटून खुर्चीपर्यंत पोचायचे. सहाशेच्या सहाशे त्याच घरांतून आलेले. त्यांना आपण असं करतो हेही माहीत नव्हतं. विजेच्या डोळ्यानं दारातून जाणारी डोकी मोजली होती. पाय कुठे पडतात ते त्याला कोण विचारणार? सबंध गिरणीत गालिच्याच्या मधून बेधडक चालणारी मी एकटीच होते. जगभर माल पाठवणारं गाव, आणि चालायची चाचणी घेतली ती न चालणाऱ्या माणसांकडून.

"बघितलंस?" एनिड म्हणाली.

"एनिड, आत्ता जिन्यावरून इथे येताना तू कुठून आलीस?"

ती मागे वळून बोळाकडे बघत राहिली. मग ओठ दाबून हसली. "काठानंच की. अठ्ठावन्न वर्षं झाली मला. अजून वाटतं, आई मागून कानाखाली देईल."

मी फेनविकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मिसेस साठे, माणसं गेली की नाही?"

"दारातून गेली. पट्टीवरून नाही."

"यंत्र काय म्हणतं?"

"यंत्र दारात आहे."

"मला आकडा हवा होता, तो मिळालाय. अहवालावर तुमची सही आहे."

"मी दुसरा लिहिते."

"लिहा," ते म्हणाले. मी लिहिला. त्यांनी तो खणात ठेवला आणि खण लावला. पट्ट्यांना कोणी हात लावायचा नाही, त्या कॉटरिलना दाखवायच्या आहेत, अशी सूचना कँटीनच्या दारावर लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळात बादल्या होत्या. खऱ्या बादल्या, आग विझवायच्या, वाळूनं भरलेल्या, लाल. सगळ्या मजल्यांवरून आणून दोन्ही भिंतींना ओळीनं मांडलेल्या. काठानं जायला जागाच नाही. एनिड दारात हात बांधून उभी.

"पट्टीला हात लावला नाही," ती फेनविकांना म्हणाली. "विचारा कोणालाही."

"वाट अडवलीत तुम्ही."

"वाट मोकळी आहे साहेब. मधून."

तरी पहिला दिवस कठीण गेला. माणसं दारापाशी थबकायची. ग्लेनिसनं ओढा ओलांडावा तसा स्कर्ट वर धरला आणि टाचा उचलून गेली. आल्बर्ट नावाचा एक म्हातारा मागवाला अडूनच बसला.

"मी विणलेल्यावर मी पाय देणार नाही."

"निम्माच तू विणलायस," एनिड म्हणाली. "पुढचा निम्मा परक्याचा आहे."

"मग त्याच्यावर उड्या मारतो."

"एक उडी जास्त मारायची नाहीस. जितकी पावलं पहिल्यावर तितकीच दुसऱ्यावर. आपला माल चांगला असेल तर त्याला लबाडी कशाला हवी? चल, पाय टाक. दुखत नाही त्याला."

आल्बर्ट गेला. चेहरा दातांच्या डॉक्टरकडे निघाल्यासारखा.

फेनविकांनी बादल्या हलवायला लावल्या. दुसऱ्या सकाळी त्या परत आल्या. त्यांनी पुन्हा हलवल्या. त्या पुन्हा आल्या. आठव्या दिवशी एनिडला पत्र मिळालं: हा पहिला इशारा, दुसऱ्या पत्राबरोबर नोकरी संपेल. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तिनं पत्र वाचलं, रफूच्या सुईनं खिडकीच्या चौकटीला टोचलं आणि त्याच्या कोपऱ्यातून हिरवा दोरा ओवला. म्हणजे तपासलं, माल बाहेर जायला हरकत नाही.

मी तिला म्हटलं, "थोडं दमानं घे. दोन वर्षांचा प्रश्न आहे."

"दोन वर्षं मी कुठे बसू? ही खोली इस्टरला बंद होतेय. मुकाट्यानं घालवली तरी जाणार, भांडून घालवली तरी जाणार. भांडून घालवते."

"आणि त्या दहा जणी?"

"त्यांनाच विचार ना, बादल्या रोज कोण आणतं. माझी कंबर धरलीय आठवडाभर."

चार आठवडे सहाशे माणसं मधून चालली. रोज संध्याकाळी मी तिथे मोजमाप घेत होते आणि ह्या वेळी पायही बघत होते. दहाव्या दिवशी बादलीच्या मधे करडी वाट उमटली. अठराव्या दिवशी लव आडवी झाली ती झालीच; ब्रशनं उठवली, दुपारी परत निजली. ऐंशी-वीसही दबायचं, पण वाफ दिली आणि ब्रश फिरवला की उठून उभं राहायचं. मात्र एक गोष्ट मी वहीत तशीच लिहिली. कँटीनच्या दाराशी कोणीतरी दोन्हींवर चहा सांडला होता. बादलीवरचा ओल्या फडक्यानं निघाला. लोकरीनं तो पिऊन टाकला, आणि डाग राहिला तो राहिलाच. एनिडनं वहीत डोकावून बघितलं.

"हेही लिहिलंस?"

"लिहिलं."

"बरं केलंस."

मार्चमधल्या गुरुवारी कॉटरिल आले. प्रचंड पोट, मऊ बूट, आणि आवाज असा की हळू बोलले तरी आकडे पुकारल्यासारखं वाटायचं. मालक होण्याआधी ते बारा वर्षं बिंगोचे आकडेच पुकारत होते. फेनविकांचा बेत सरळ होता. वर ऑफिसात न्यायचं, माझा पहिला अहवाल दाखवायचा, साहेबांच्या जेवणघरात जेवू घालायचं, सही घ्यायची. बादलीवर वाट उमटल्यामुळे बोळाचं आता नावही काढायचं नव्हतं. पण त्या दिवशी कँटीनमध्ये फॅगट होते, डुकराच्या मांसाच्या खिम्याचे ते मोठे गोळे, दाट रश्श्यात, बरोबर मऊ वाटाणे. वास जिन्यापर्यंत गेला. कॉटरिल जिन्यातच थांबले.

"मी खालीच जेवणार," ते म्हणाले.

फेनविक त्यांना घेऊन बोळात आले, तर समोर एनिड. शेजारी कँटीनची एक लाकडी खुर्ची. मी वही घेऊन भिंतीशी.

"मिसेस टॉली, तुम्ही कामावर जा," फेनविक म्हणाले.

"जेवणाची सुट्टी आहे, साहेब. मिस्टर कॉटरिल, चालून या बघू एकदा."

कॉटरिल गालिच्याच्या मधून तरातरा चालत आले. काठ वगैरे त्यांच्या गावीही नव्हतं. एनिडनं माझ्याकडे बघून मान हलवली.

"तुमच्याकडे लोक असेच चालतात?"

"चालतात कुठे? शनिवारी नऊशे बायका असतात. बसतात. खुर्च्या ओढतात. चहा सांडतात. कोणाचा शेवटचा आकडा लागायचा राहिला की सिगरेट हातातून पडते."

"मग ती द्या."

"काय?"

"हातातली सिगरेट."

कॉटरिलनी दिली. फेनविक "अहो" म्हणेपर्यंत एनिडनं खाली बसून ती ऐंशी-वीसवर टेकवली आणि मनात पाच मोजले. केस जळल्याचा वास सुटला. तिनं नखानं खरवडलं, काळी भुकटी उडाली, खाली बारीकसा खड्डा राहिला. मग तीच सिगरेट बादलीवर. पाच. हात उचलला तर तिथे चकचकीत भोक, आणि कडेला कडक कडं.

"बोट लावा," ती म्हणाली.

कॉटरिलनी वाकून लावलं. वाकणं त्यांना सोपं नव्हतं. "कोटाच्या बटणासारखं झालंय."

"हे आता जन्मभराचं. आता खुर्चीत बसा."

कॉटरिल हसत बसले. एनिडनं ग्लेनिसला हाक मारली, आणखी दोघी आल्या, आणि चौघींनी त्यांना खुर्चीसकट दोन्ही पट्ट्यांवरून खेचत नेलं. जेवणारे सगळे दारात जमले होते. ऐंशी-वीसवर खुर्चीच्या पायांच्या दोन रेघा उठल्या, ब्रशनं पुसल्या. बादलीवर त्याच जागी चमकदार ओरखडे उमटले. घासल्याच्या उष्णतेनंच धागा वितळला होता.

कॉटरिल खुर्चीतून उठले नाहीत. "बाई, तुम्ही लोकरच विकणार, तुमचं पोट तिच्यावर आहे. तिचा दोष सांगा."

"सांगते की. चहा पिते. तो बघा डाग. लगेच टिपलात तर निघेल, तुमची माणसं लगेच टिपणार आहेत का ते तुम्हाला माहीत. सतत ओल्या बुटांखाली राहिली तर कुजते. नुसती लोकर म्हणून कोणी विकायला आला तर हाकला त्याला, वीस भाग नायलॉन हवंच. आणि दारातल्या पडवीत, जिथे पावसाचे बूट पुसतात, तिथे हीच बादली घ्या. तिथे हिच्यासारखी दुसरी नाही."

"तुम्ही दुसऱ्याचा माल मला विकताय?"

"मी तुम्हाला गालिचा सांगतेय. इथली लोकं काय सांगतील ते ऐकू नका, ती गालिच्यावरून चालतच नाहीत. तुमच्या बायका चालतात. त्यांच्याप्रमाणे घ्या."

मी वही उघडून कॉटरिलना दिली. माझा पहिला अहवाल चुकीचा आहे, हेही सांगितलं. फेनविकांनी माझ्याकडे बघितलं, मीही त्यांच्याकडे बघितलं. मग कॉटरिल फॅगट खायला गेले, आणि खाऊन झाल्यावर तिथेच टेबलावर ठरवलं. डडली आणि स्टूरब्रिजला आत ऐंशी-वीस, पडवीत बादली. वूस्टरला सगळीकडे बादली, कारण वूस्टर ते पुढल्या वर्षी विकणार होते आणि नव्या मालकाची त्यांना काळजी नव्हती. एनिडला हे आवडलं नाही, पण ती म्हणाली, निदान खरं बोलला.

शुक्रवारी तिला दुसरं पत्र मिळालं. गिरणीच्या मालमत्तेची जाळून नासधूस केल्याबद्दल कामावरून कमी.

सोमवारी सकाळी साडेसातला एनिड फाटकातून आत आली. घड्याळापाशी तिचं हजेरीचं कार्ड नव्हतं. ती वर आली, रुमाल बांधला आणि जागेवर बसली.

"कार्ड काढलंय त्यांनी," ग्लेनिस म्हणाली.

"कार्डानं टाके भरत होते का मी?"

त्या दिवशी टेबलांवर एका हॉटेलचं काम होतं, चौदा भेंडोळी, मंगळवारी जहाज गाठायचं होतं. मंगळवारी लॉरी दारात उभी राहिली. भेंडोळी तयार होती, एकाही पाठीला दोरा नव्हता. गोदामवाला हात लावेना. फेनविक वर आले.

"हे काय आहे?"

"माझा पिवळा संपलाय," ग्लेनिस म्हणाली.

"माझा निळा संपलाय," पलीकडची म्हणाली. दहा जणींचे दहा रंग संपले होते.

"मग दुसरा कुठला तरी वापरा."

"शिल्लक एकच आहे, हिरवा. आणि हिरव्याची बाई तुम्ही काढून टाकलीत."

एनिड खाली मान घालून टाका भरत होती. तिनं मान वर केली नाही. फेनविक खिडकीपाशी गेले. तिथे पहिलं पत्र अजून टोचलेलं होतं. त्यांनी त्याच्या कोपऱ्यातला हिरवा दोरा बोटानं चाचपला. मग खाली गेले, आणि दहा मिनिटांनी फोरमन हजेरीचं कार्ड घेऊन वर आला. एनिडनं ते न बघता पेटीत टाकलं आणि चौदाही भेंडोळ्यांच्या पाठीला हिरवा दोरा ओवला. लॉरी अकराला सुटली.

रफूचा मजला पुढे आठ वर्षं चालला. फेनविक दीड वर्षात बदली होऊन गेले. त्या दोघांत पुन्हा कधी बोलणं झालं नाही, एनिडनं तशी गरज ठेवली नाही. साठीला ती निवृत्त झाली तेव्हा गिरणीनं विचारलं, घड्याळ हवं की चहाचा सेट. तिनं बोळातली पट्टी मागितली, ऐंशी-वीस, जळक्या खड्ड्यासकट. आणि आपल्या घराच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत, भिंतींत जेमतेम तीन फूट जागा असलेल्या वाटेत, मधोमध अंथरली.

ती ऐंशीच्या पुढे होती तेव्हाची गोष्ट. मी चहाला गेले. दार उघडून ती काठीच्या आधारानं पुढे झाली, पट्टीच्या मधून, एकेक पाऊल मुद्दाम रोवत. मी मागून निघाले. चार पावलं गेल्यावर ती थांबली आणि वळून माझ्या पायांकडे बघायला लागली. माझा डावा खांदा भिंतीला घासत होता. कोटाच्या बाहीला चुना लागला होता. इतक्या वर्षांत मला कधी लागली ही सवय, देव जाणे.

"तूसुद्धा?" एनिड म्हणाली. "सबंध गिरणीत एक चालणारी होती, तीपण गेली. मागे जा. दारापर्यंत. आता मधून ये."

मी मागे गेले, आणि मधून आले.